तुलनेत न बसलेला तुकडा

मला पहिल्यांदा शिसारी आली ती वासाची. जेट आल्यापासून आमच्या सगळ्या विमानतळाला रॉकेलचा वास यायला लागला होता. जुनी विमानं पेट्रोल आणि तेल ओकायची, त्याची आम्हाला सवय होती. पण हा नवा वास लोक अंगावर अत्तरासारखा बाळगायला लागले. माझा नवरा तर मुद्दाम हात न धुता जेवायला बसायचा. नाक मुरडलं की म्हणायचा, "वास काय म्हणतेस, हे भविष्य आहे." ते भविष्य माझ्या उशीच्या अभ्र्यातून कितीही धुतलं तरी निघत नव्हतं.

एरवी मी नवऱ्याला अहोजाहो करते. पण ही हकीकत सांगताना माझ्या तोंडून त्याच्यासाठी 'ते' निघत नाही, त्याला माझा इलाज नाही.

नवरा चाचणी-वैमानिक. धाकटा दीरही तिथेच वैमानिक, आणि मी मोजमापाच्या खोलीत नोकरीला. आमच्या घरात त्या दिवसांत विमानाशिवाय दुसरा विषय म्हणून नव्हता. खोलीत माझं काम असं की धावपट्टीच्या कडेला लावलेल्या कॅमेऱ्यातून आलेली फीत खालून उजेड सोडलेल्या काचेच्या टेबलावर पसरायची, आणि चित्रामागून चित्र मोजत विमानाचा वेग, चढण, वळण काढायचं. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात घड्याळ असायचं. विमानाच्या आतही एक छोटा कॅमेरा बसवलेला असायचा, तो नुसता काट्यांवर आणि वैमानिकाच्या डाव्या हाताशी असलेल्या, इंजिनाचा जोर कमीजास्त करणाऱ्या थ्रॉटलच्या दांड्यावर रोखलेला. मी गणित शिकलेली बाई आहे आणि ते मी कुणापासून लपवत नाही. माझ्या आकड्यात चूक काढणारा माणूस त्या तळावर नव्हता, आणि नेमकी त्याचीच पुढे सगळ्यांना अडचण झाली.

वरून हुकूम आला होता की नव्या जेटची आणि जुन्या पंख्याच्या विमानाची रीतसर तुलना करा. कुठलं कशात सरस, ते दाखवा. मग नवं घ्यायचं का आणि किती घ्यायचं ते ठरेल. जेट उडवायला माझा नवरा आणि पंख्याचं विमान उडवायला माझे दीर. दोघे सख्खे भाऊ समोरासमोर म्हणून साहेबांना फार कौतुक. या साहेबांना आम्ही खोलीतल्या बायका इस्त्रीसाहेब म्हणायचो. त्यांच्या पँटची घडी कधी मोडली नाही, आणि मोडेल असं एकही काम त्यांनी आयुष्यात केलं नाही.

तुलना कशी झाली ते ऐका. वेगाच्या चाचणीत दोघं एकाच रेषेवरून सुटायचे होते. पहिल्या दिवशी सुटले आणि भाऊजी पुढे गेले. पंखा हवेला धरतो आणि विमानाला जागेवरून उचलतो, जेटला जोर धरायला वेळ लागतो. पुढे जेटने त्यांना मागे टाकलं, आणि असं टाकलं की दोन्ही विमानं एका चित्रात मावेनात. जेट वेगवान होतं यात मला तेव्हाही शंका नव्हती. सरळ आकाशात त्याला कोणी हात लावू शकत नव्हतं. पण सुरुवात हरलेली साहेबांना बघवेना. दुसऱ्या दिवशी झेंडा पडायच्या आधीच जेट पळत होतं आणि भाऊजी ब्रेक दाबून उभे होते. पहिल्या दिवसाची फीत 'हवा खराब' म्हणून बाद झाली. त्या दिवशी आकाश धुतलेल्या ताटासारखं होतं.

मग वळणांची चाचणी. भाऊजींनी छोट्या गिरकीत जेटची शेपटी धरली ती सोडलीच नाही. साहेब म्हणाले, "यापुढच्या लढाईत कोणी वळत बसणार नाही." तुलनेच्या तक्त्यातला वळणाचा रकाना गेला. टाकी भरून किती वेळ हवेत राहता येतं त्यात जेट अर्ध्यावरच उतरलं, तोही रकाना गेला. मी विचारलं, "साहेब, उरलं काय?" तर ते हसून म्हणाले, "जे महत्त्वाचं ते." खोलीतल्या बाकीच्याही हसल्या. मी दोन्ही रकाने खोडले.

तरी इथवर मी गप्प होते. खोटं बोलून विमान विकणं नीच आहे, पण त्याने लगेच कुणाचा जीव जात नाही, अशी मी माझी समजूत घातली होती. मग उतरण्याच्या चाचणीची फीत माझ्या टेबलावर आली.

आतल्या कॅमेऱ्याची फीत आधी लावली. नवऱ्याचा हातमोज्यातला हात ओळखीचा, मोजा अंगठ्यापाशी मीच शिवलेला. जेट उतरताना घसरगुंडीवर आल्यासारखं येतं. पुढे पंखा नाही, म्हणजे वेग अडवायला काही नाही, त्यामुळे ते मंदावतच नाही. तेव्हा जुन्या सवयीने त्या हाताने दांडा पार मागे ओढला. पंख्याच्या विमानात सगळे असंच करतात. आता विमान खाली जायला लागलं, नको इतकं खाली. हाताने दांडा पुढे सारला. पंख्याच्या विमानात दांडा पुढे गेला की त्याच क्षणी इंजिन गर्जतं आणि विमान उचललं जातं. इथे दांडा टोकाला होता आणि इंजिनाचा काटा आळोखेपिळोखे देत उठत होता. चित्रामागून चित्र गेलं, हात तसाच दांड्यावर दाबलेला, आणि काटा आपला सावकाश. हळूहळू त्या हाताची बोटं वळली.

मग धावपट्टीच्या कॅमेऱ्यातला त्याच वेळचा तुकडा लावला. विमान नाक वर करून खाली बसत येत होतं. मैदानाच्या कडेला तारेचं कुंपण आहे. चाकांनी वरची तार घेतली, खांब उपटून आला. तेवढ्यात इंजिनाला जोर आला म्हणून ते कुंपणाच्या आतल्या बाजूला आदळलं आणि धावत गेलं. अजून दोन-चार चित्रं उशीर झाला असता तर मी ती फीत मोजायला टेबलापाशी नसते.

मी उठून बाहेर गेले आणि भिंतीला टेकून ओकले.

दुपारी नवरा जेवायला घरी आला तेव्हा शीळ घालत आला. मी ताट वाढलंच नाही.

"कुंपणाचं मला सांगितलं का नाहीत?"

"कुठलं कुंपण? अच्छा, ते! अगं, उतरलो ना?"

"इंजिन उठत नव्हतं. मी बघितलंय."

"सगळ्या जेटचं तसंच असतं. दांडा एकदम मागे आणायचा नाही, एवढंच. मी विसरलो त्या दिवशी." तो स्वतःच ताट घेऊन बसला. "तू तो तुकडा बाजूला ठेव हं. साहेबांचा निरोप आहे. उगाच तुलनेत घोळ नको."

"आणि भाऊजी? पुढच्या आठवड्यात ते जेटवर बसणारेत. त्यांची दांडा ओढायची सवय तुमच्यापेक्षा वाईट आहे."

"त्याची काळजी तू करू नकोस," तो म्हणाला आणि पाण्याकडे हात केला.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. पाठचा भाऊ. याच्याच बोटाला धरून चालायला शिकलेला. आणि एका विमानाचं नाव खराब होऊ नये म्हणून हा त्याच्यापुढे तोंड उघडणार नाही! समोर बसून मचमच जेवणाऱ्या त्या माणसाकडे मला बघवेना. मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे आदळला आणि तशीच कामावर निघून गेले.

साहेबांकडेही गेले. त्यांनी मला बसा म्हटलं, चहा मागवला, आणि बाळाला समजवावं तसं समजावलं. "बाई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण आत्ता हे पुढे आलं तर वरचे लोक घाबरतील आणि विमानच घेणार नाहीत. एकदा विमानं आली की वेळ बघून परिपत्रक काढू."

"कुणाची वेळ भरल्यावर?"

साहेबांनी चहात साखर ढवळली. "तुम्ही फार मनाला लावून घेता," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी भाऊजींना खोलीत बोलावलं. म्हटलं, नवरा सांगणार नसेल तर मी दाखवते. त्यांना टेबलापाशी बसवलं, दोन्ही तुकडे लावले, भिंग हातात दिलं. ते भिंगातून बघत होते आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तोंड पांढरं पडेल अशी माझी खात्री होती. त्यांनी जांभई आवरली.

"वहिनी, हे होय! मला वाटलं काय झालं."

"काय झालं? अहो, तुमचा दादा मेला असता!"

"दादानं त्याच दिवशी सांगितलंय मला. मला एकट्याला नाही, इथल्या सगळ्यांना. एकेकाला हँगरमागे नेऊन खुर्चीवर बसवायचा, हातात काठी द्यायचा दांडा म्हणून. चाकं टेकेपर्यंत दांडा अर्ध्याच्या मागे आणायचा नाही. आणला की बोटांवर फटका." त्यांनी हात पुढे केला. बोटांच्या सांध्यांवर खरंच वळ होते. "तुम्हाला सांगू नको म्हणाला. उगाच घाबराल म्हणून."

मी खुर्चीत बसले. मला इतकं हायसं वाटलं की रडू आलं. म्हणजे मी ज्याला कसाई समजत होते त्याने भावाला जपलं होतं. आमच्या तळावरच्या प्रत्येक पोराला जपलं होतं.

डोळे पुसले आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

"भाऊजी, पहिली विमानं आपल्याकडे येणारेत का?"

"छे! आपल्याला कुठली? ती नदीपलीकडच्या तुकडीला. ते येणारेत ना परवा तुमचा सिनेमा बघायला. बघतील, वर 'पसंत' म्हणून कळवतील आणि पहिली विमानं तेच घेऊन जातील. नशीब एकेकाचं."

"त्यांना कोणी नेलं हँगरमागे?"

भाऊजी थांबले. वाईट माणूस नाही तो, हे मला आजही म्हणायचंय. त्यांनी खरोखर विचार केला. "त्यांचं त्यांच्याकडे असेल की कोणीतरी," ते म्हणाले.

"कोण असेल? जेट उडवलेला माणूस या तळाबाहेर आहे का एक तरी?"

"वहिनी, आपण काय सगळ्या जगाला सांगत सुटायचं? ते लोक आपल्याला काय म्हणतात माहितीये? मेसमध्ये आले की आमच्याकडे बघून नाकं वर करतात. आणि दादानं भलत्यांना सांगितलं आणि वर कळलं, तर त्याचं काय होईल?" ते उठले. "आपली माणसं सुरक्षित आहेत ना? मग झालं तर."

मग झालं तर. हे वाक्य मी त्या दिवशी काम संपेपर्यंत चघळत बसले. इथे हीच पद्धत होती आणि मीच इतकी वर्षं आंधळी होते. कुठल्या विमानाची कुठली खोड कुणाला मारेल हे सगळ्यांना ठाऊक असायचं. ते कानातून कानात जायचं, भावाकडून भावाला, मित्राकडून मित्राला. कागदावर मात्र सगळी विमानं गुणाची. ज्याला इथे भाऊ नाही, मित्र नाही, त्याने कागद वाचून मरावं. आणि कोणाला यात काही गैर वाटत नव्हतं, उलट आपण केवढे प्रेमळ, असंच प्रत्येकाला वाटत होतं. मला स्वतःला मघाशी हायसं वाटलं होतं ना? तेही त्यातलंच. मला माझ्या त्या सुटकेच्या अश्रूंचीच किळस आली.

पाहुण्यांना तुलना दाखवायच्या त्या सिनेमासाठी तुकडे जोडायचं काम माझं. साहेबांनी कुठले जोडायचे ते सांगितलं होतं. मी ते सगळे जोडले, त्यांनी सांगितल्या क्रमाने. शेवटी, जिथे जेट मैदानावरून सुसाट जातं आणि पडदा पांढरा व्हायचा, तिथे मी आणखी दोन तुकडे चिकटवले. चिकटवण्याच्या औषधाला उग्र वास येतो. कित्येक दिवसांत पहिल्यांदा माझ्या नाकातलं रॉकेल गेलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या खोलीत खिडक्यांना काळी कापडं लावली. पुढच्या रांगेत साहेब, नवरा, भाऊजी. मागे पाहुणे. त्यांची तुकडी म्हणजे बहुतेक कोवळी पोरं, एकमेकांना कोपरखळ्या मारणारी, विमान बघायला अधीर झालेली. त्यांचा प्रमुख मात्र पोक्त होता, टक्कल पडायला लागलेला, घशात कायमची खरखर असलेला. मी मागे प्रोजेक्टरपाशी.

सिनेमा झकास झाला. दर वेळी जेट पंख्याच्या विमानाला मागे टाकायचं आणि पोरं टाळ्या वाजवायची. माझा नवरा मधूनच मागे वळून बघायचा, टाळ्या मोजल्यासारखा. भाऊजी खाली मान घालून हरत होते. साहेबांनी तर आभाराचं भाषण करायला घसा साफ केला होता.

तेवढ्यात पडद्यावर हातमोजा आला.

दांडा मागे गेला. कोणाला काही कळलं नाही. दांडा पुढे गेला, टोकाला भिडला. काटा उठेना. इंजिनाच्या काट्याशी लहानपणापासून संसार केलेली ती पोरं, त्यांना सांगावं लागलं नाही. टाळ्या थांबल्या. कोणीतरी दबल्या आवाजात म्हणालं, "अरे, उठ ना." मग धावपट्टीवरून घेतलेला तुकडा, विमान खाली बसत येतंय, तार, खांब, धूळ. पडदा पांढरा झाला आणि फितीचं टोक चाकावर फटफट वाजत राहिलं.

"तो तुकडा चुकून जोडला गेलाय," साहेब उठून म्हणाले.

"चुकून नाही," मी मागून म्हणाले. "मी जोडलाय."

साहेबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. "वैमानिकाकडून किरकोळ चूक झाली होती. विमानाचा त्यात काही दोष नाही."

टकले प्रमुख उभे राहिले. "उडवत कोण होतं?"

नवरा उठला. पडद्याच्या उजेडात त्याचं तोंड मला स्पष्ट दिसत होतं. "मी."

"इंजिन बिघडलं होतं?"

साहेब मध्ये बोलायला गेले, पण नवऱ्याने त्यांच्याकडे बघितलं नाही. चूक त्याच्या माथी मारलेली त्याला झोंबली होती. "नाही. इंजिन चांगलं होतं. जेट तसंच असतं. दांडा पार मागे आणला की पुन्हा जोर यायला वेळ लागतो. जो कोणी पंख्यावरून येईल तो पहिल्यांदा हेच करणार."

"म्हणजे आम्हीच."

"हो."

"मग हे आम्हाला कधी कळणार होतं?"

मला वाटलं, आता तरी हा मान खाली घालेल. एवढंच मला हवं होतं. तेवढ्यावर मी त्याला घरी नेलं असतं, जेवायला वाढलं असतं, त्याच्या उशीशेजारी उशी ठेवली असती.

त्याने मान ताठ केली. "आमच्या सगळ्या मुलांना मी सांगितलं होतं," तो म्हणाला. "एकेकाला. स्वतः बसवून."

आणि तो थांबला, शाबासकीची वाट बघत. खरंच सांगते, वाट बघत. त्याच्या डोळ्यांत लाजेचा लवलेश नव्हता. आपल्याकडून जे करायचं ते आपण केलं, हे त्याला मनापासून वाटत होतं.

 टकल्या प्रमुखांनी मागे वळून आपल्या पोरांकडे बघितलं, एकेकाकडे, जसं कोणी घराबाहेर पडताना सगळे आहेत ना ते बघतं. मग ते माझ्याकडे वळले. "बाई, शेवटचं पुन्हा लावता का? सावकाश."

मी फीत मागे गुंडाळली. भाऊजी आपली खुर्ची उचलून मागे त्या पोरांच्यात जाऊन बसले आणि हात पुढे करून त्यांना काहीतरी दाखवायला लागले. साहेब निघून गेले होते. नवरा मात्र होता तिथेच उभा, अजून कोणी काही बोलेल म्हणून. मी प्रोजेक्टरचा दिवा लावला तशी त्याची सावली पडद्यावर पडली आणि धावपट्टी, कुंपण सगळं तिच्यामागे गेलं.

"अहो," मी म्हणाले, "बाजूला व्हा. त्यांना दिसत नाहीये."